वाटेत काय लागलं

कुवेतमधल्या आमच्या सालमियाच्या बिल्डिंगमध्ये कुणी भारतात निघालं की बातमी लिफ्टच्या आधी खाली पोचते. "कधी निघताय?" असं विचारणाऱ्याच्या हातात पिशवी तयारच असते. एवढं आईला द्या, एवढं भावाला द्या, वजन काही फार नाही. वजन नेहमीच फार असतं. मी स्वतः हे लोकांना केलंय आणि लोकांनी मला केलंय, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण स्वतःच्या व्हॅनने वाळवंटं ओलांडत भारतात निघालेल्या एका युरोपियन प्रवाशाच्या गाडीत पार्सलं भरणारी बिल्डिंग जगात आमचीच असेल. आणि त्या उद्योगाची सुरुवात माझ्यापासून झाली.

तो आमच्याकडे आला तो नवऱ्यामुळे. नवरा आयटीत आहे. त्याच्या ऑफिसातल्या गोऱ्या साहेबाचा हा कुणी मित्राचा मित्र. आपल्या देशातून निघून तुर्कस्तान, जॉर्डन, सौदी करत इथवर आला होता आणि पुढे इराक, इराण, पाकिस्तान करून भारतात जाणार होता. सगळं जमिनीवरून. विमान नाही, बोट नाही. इथे येऊन त्याची गाडी बसली. साहेबाच्या घरी म्हणे रंगकाम चाललं होतं. "दोनच रात्री ठेवून घेऊ," नवरा म्हणाला. नवऱ्याला नाही म्हणता येत नाही, आणि त्याच्या न म्हटलेल्या नाहीचा स्वयंपाक मला करावा लागतो.

दोन रात्री म्हणता म्हणता महिना होत आला. अर्दियाच्या गॅरेजवाल्याने पार्ट बाहेरून मागवला होता, तो येईना. पार्ट आला, तर कुठल्याशा देशाचा व्हिसा येईना. हा आपला आमच्या हॉलमध्ये सोफ्यावर लांबच्या लांब पाय पसरून, लॅपटॉप पोटावर ठेवून बसलेला. खाली त्याच्या व्हॅनने दोन गाड्यांची जागा अडवलेली, त्यावरून बिल्डिंगचा हारिस, म्हणजे राखणदार, रोज मला अरबीत ओरडायचा, कारण मीच तेवढी सकाळी त्याच्या तावडीत सापडायचे.

व्हिसा लांबला म्हणून तो असा हिरमुसून बसायचा की बघवत नसे. कागदासाठी माणसाला थांबावं लागतं, हा त्याच्या आयुष्यातला नवा शोध होता. मला हसूही यायचं आणि चीडही. आम्ही इकाम्याच्या, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणासाठी दर खेपेला रक्त देतो, बोटांचे ठसे देतो, रांगेत उभे राहतो, आणि वर शुक्रन म्हणून घरी येतो.

आणि त्याला हवी होती म्हणे इथली खरी माणसं. जेवताना विचारायचा, "इथले खरे लोक कुठे भेटतील?" समोर मी वीस वर्षं या देशात काढून बसलेली, शेजारी नवरा, पलीकडे इथेच जन्मलेली माझी पोरगी. आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचो. कुणीतरी त्याला सुलैबियाचं नाव सांगितलं, तिकडे बदू, म्हणजे वाळवंटातले मूळचे भटके लोक राहतात म्हणून. नवऱ्याने आपला शुक्रवार खर्ची घालून त्याला तिकडे फिरवून आणलं. तिथे उंटांऐवजी पत्र्याची छपरं आणि जुन्या गाड्या बघून हा खट्टू होऊन परतला. त्या लोकांना राहायला धड घर नाही याचं त्याला वाईट वाटलं नव्हतं, तंबू नाहीत याचं वाटलं होतं. त्या दिवशी मी आमटीत मुद्दाम मिरची वाढवली. त्याने दोनदा मागून घेतली.

एवढं सगळं असून मी त्याला घालवून दिलं नाही, याचं कारण माझे बाबा.

बाबा महाडजवळच्या आमच्या गावातल्या हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायचे. सातवीला मलाही तेच होते. भूगोल म्हणजे त्यांच्या लेखी प्रवासी. युरोपातून जमिनीवरून निघालेले, कुणी व्यापाऱ्याचा वेष घेतलेला, कुणी फकिराचा, कुणी आपल्या नावानिशी उजळ माथ्याने. बाबा कापडी नकाशा खिळ्याला टांगायचे, छडी पहिल्या गावावर ठेवायचे आणि वर्गाला विचारायचे, "निघाला. वाटेत काय लागलं?" मग आम्ही कोरसात सांगायचं. नदी लागली. खजुरीची बनं लागली. डावीकडे डोंगर, उजवीकडे मीठ. एखादं गाव राहिलं तर बाबा छडी उचलून परत पहिल्या गावावर ठेवायचे. "मधलं गाळून पोचता येत नाही," म्हणायचे. त्यांचा एकही विद्यार्थी पुढे प्रवासी झाला नाही, पण इराणचं मिठाचं वाळवंट कुठे आहे हे आमच्या गावातला केळीवालासुद्धा सांगेल.

ते स्वतः कोल्हापूरपलीकडे गेले नाहीत. आधी नोकरी, मग आत्यांची लग्नं, मग आमची शिक्षणं, मग गुडघे. मी पहिल्यांदा कुवेतला आले तेव्हा पोचल्याचा फोन केला. लोकांचे वडील विचारतात, जेवलीस का, घर कसं आहे. बाबांनी विचारलं, "वाटेत काय काय लागलं?"

"काही नाही, बाबा. ढग होते. मग झोप लागली."

त्यांनी फोन आईकडे दिला. मग दर सुट्टीला, दर येण्याजाण्याला तोच प्रश्न, आणि माझं तेच उत्तर. नकाशा त्यांनी शाळा टाकून देत होती तेव्हा घरी आणलाय, पडवीत लावलाय. "अगं, तू आहेस तिथपासून आपल्या ओटीपर्यंत मधे समुद्र लागत नाही," ते म्हणायचे. "सलग जमीन आहे. माणूस चालत येऊ शकतो."

"आपला पासपोर्ट घेऊन नाही येऊ शकत, बाबा. मधे पाकिस्तान आहे."

"पूर्वी यायचे लोक."

"पूर्वी."

आणि आता हा आमच्या सोफ्यावर पाय पसरलेला माणूस तो सगळा रस्ता करणार होता. ज्या देशातून मला माझ्या घरी जाता येत नाही, त्या देशातून तो माझ्या घराच्या दिशेने जाणार होता, आणि व्हिसाला चार दिवस उशीर झाला म्हणून रुसला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण मुंबईहून गोव्याला जाणार, असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. मुंबई-गोवा म्हणजे महाड. हायवे सोडून आत वळलं की आमचं गाव. मी ठरवून टाकलं, हा माणूस माझ्या बाबांच्या ओटीवर गेला पाहिजे. त्यांनी त्याला समोर बसवून विचारलं पाहिजे, वाटेत काय लागलं. त्यासाठी मी महिनाभर काय, वर्षभर भात घातला असता.

मी त्याला स्पष्ट विचारलं. तो म्हणाला, नक्की जाईन. छातीवर हात ठेवून म्हणाला. पोरगी दुभाष्यासारखी मधे बसली होती, तिनेही इंग्रजीत दोनदा बजावलं. गावाचं नाव, खुणा, फोन नंबर, सगळं त्याच्या फोनमध्ये घातलं.

आणि मग मी बाबांना पोचवायला खजूर दिले. इथेच चुकलं. समोरच्या भाभींनी ते पाहिलं.

समोरच्या भाभी म्हसळ्याच्या. त्यांच्या यजमानांचं फर्वानियाला कापडाचं दुकान आहे. त्या लगोलग दारात. "भाभी, तो माहाडावरनंच जाणार ना? मग माझ्या आईचं ब्लँकेट द्या की त्याच्याबरोबर. थंडीत तिचे हात आखडतात. तुमच्या बाबांकडे ठेवलं की भाऊ येऊन घेऊन जाईल."

"अहो, तो विमानाने नाही जात. त्याला पोचायला तीन-चार महिने लागतील. तोवर थंडी संपेल."

"पुढच्या थंडीला होईल."

ब्लँकेट गेलं. जाड, दुपदरी, मरून रंगाचं, त्यावर थाळीएवढी पिवळी गुलाबं. मग खालच्या मजल्यावरचे नांदेडचे काका बदाम घेऊन आले, त्यांना महाड कुठे आणि नांदेड कुठे हे सांगून उपयोग झाला नाही. कुणी दूध पावडर आणली, कुणी बाम. त्या बिचाऱ्याला वाटलं हा इथला निरोप द्यायचा रिवाज आहे, सगळं त्याच्यासाठीच आहे. तो प्रत्येकाला मिठी मारत सुटला. नांदेडच्या काकांनाही मारली. "नाही, नाही, हे आपल्यासाठी नाही, पोचवायचं आहे," असं मी दहादा समजावलं. तो दहादा हो म्हणाला. कळलं किती, देव जाणे.

व्हॅन इराकच्या हद्दीवरच्या अब्दलीच्या दिशेने गेली. हारिसने आनंदाने झाडू मारला.

त्याचं इंटरनेटवर एक पान होतं, त्यावर तो फोटो आणि मजकूर टाकायचा. पोरगी मला वाचून दाखवायची, मी बाबांना फोनवर सांगायचे. बाबा नकाशावर आईची टिकली लावायचे. आई मागून ओरडायची, "माझी पाकिटं संपवली या माणसानं! अख्खा इराण लाल केलाय!" बाबांचा आवाज त्या दिवसांत कसा वेगळाच झाला होता. बसऱ्याला टिकली लागली तेव्हा त्यांनी मला नदीचं नाव विचारलं आणि मी ते चुकले, तर चक्क रागावले. त्यांनी ओटीवरची आरामखुर्ची सुतार बोलावून नीट करून घेतली. गोऱ्या माणसाची उंची जास्त असते म्हणून.

एकदा त्यांनी विचारलं, "तुमच्याबद्दल काय लिहिलंय त्यानं?"

मी म्हटलं, "अजून लिहायचंय त्याला."

खरं तर कुवेतवरचं लिहून झालं होतं. मासळीबाजार होता, संध्याकाळचा समुद्र होता. साहेबाने एका रात्री कुणा श्रीमंत कुवेतींच्या हिवाळी तंबूत नेलं होतं, त्या तंबूवर पानभर होतं. आमच्या घराबद्दल एक ओळ नव्हती. महिनाभर त्याने जे खाल्लं, ते जणू हवेतून ताटात पडत होतं. पोरगी म्हणाली, "मम्मा, इट्स ओके." मला ओके नव्हतं. मी जेवणावळीची जाहिरात मागत नव्हते. पण माणूस राहिला कुठे, एवढं तरी लिहावं की नाही?

मग बलुचिस्तानातून फोटो आला. मागे उघडे डोंगर, पुढे शेकोटी, आणि हा मरून ब्लँकेट लपेटून बसलेला. पिवळी गुलाबं स्पष्ट दिसत होती. खाली लिहिलं होतं, वाळवंटातल्या लोकांनी दिलेली भेट.

पोरगीने तो फोटो समोरच्या भाभींना दाखवला. दाखवायला नको होता. भाभींनी फोन हातात धरून बराच वेळ बघितलं. "वाळवंटातले लोक कोण?" त्यांनी विचारलं. "मी?" मग म्हणाल्या, "जाऊ दे, भाभी. थंडी असेल तिकडे." पण त्यांनी पुढे आठवडाभर दार पूर्वीसारखं उघडं ठेवलं नाही. ब्लँकेटचं मला काही नव्हतं, मी दुसरं आणून दिलं असतं. पण शब्द माझा होता. मीच म्हटलं होतं, पोचेल.

आता सगळा जीव त्या एका ओटीवर टांगला होता. खजूर खाल्ले असतील, खाऊ देत. बदाम वाटले असतील, वाटू देत. आमचं नाव नको लिहूस रे, पण महाडला वळ. मी त्याला निरोप पाठवत राहिले. अमृतसरहून उत्तर आलं, हो हो. जयपूरहून आलं, नक्की. मुंबईला पोचल्यावर अंगठा आला.

आणि मग तीन दिवसांनी गोव्याचा फोटो. समुद्र, खुर्ची, शहाळं.

मी ऑफिसात होते. तिथूनच विचारलं, महाडचं काय झालं? त्याचं उत्तर अगदी मोकळं होतं, त्यात लपवाछपवी नव्हती. मुंबईत त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं की त्या हायवेने जाऊ नकोस, वर्षानुवर्षं काम चाललंय, गाडीचे हाल होतील. म्हणून तो पुण्यावरून, कोल्हापूरवरून उतरला. पुढच्या वेळी नक्की, असं लिहून त्याने हात जोडल्याचं चित्र टाकलं.

मी फोन टेबलावर उपडा ठेवला आणि हसले. माझ्या शेजारी बसणाऱ्या केरळी बाईंना वाटलं मला काही झालं. इराणचं मिठाचं वाळवंट ओलांडलं, बोलनची खिंड ओलांडली, बंदूकधारी पोलिसांच्या गाड्यांमागून क्वेट्टा पार केलं, आणि हा भिऊन मागे फिरला तो आमच्या हायवेला. बरं, ज्यांनी त्याला सांगितलं त्यांना खोटं तरी कसं म्हणू? मीच दर सुट्टीला त्या रस्त्याला शिव्या घालत माहेरी जाते. माझ्या जन्मगावाला जगापासून कुणी तोडलं असेल तर पाकिस्तानने नाही, आमच्याच खड्ड्यांनी. मला त्याचा राग आला, रस्त्याचा आला, नवऱ्याचा आला. पासपोर्टचा तर जुनाच होता. पण बाबांना हे सांगायचं कसं, ते सुचेना.

सुचलं नाही म्हणून सांगितलं नाही. संध्याकाळी बाबांचा फोन आला. "मुंबईहून निघाला का?"

"आराम करतोय, बाबा. गाडीचं काहीतरी काम निघालंय."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी फोन घेतलाच नाही, मीटिंग आहे असा मेसेज टाकला. मीटिंग वगैरे काही नव्हती. आई त्या खुर्चीवर कुणाला बसू देत नव्हती, हे मला भावाने कळवलं होतं.

त्यानंतर आठवड्याने शुक्रवारी बाबांनीच फोन केला. आवाज एकदम ठणठणीत.

"अगं, येऊन गेला तो!"

"कोण?"

"कोण काय? तुझा प्रवासी. काल दुपारी आला. अचानक. फोन लावत होतो, तुला रेंज नव्हती वाटतं."

काल दुपारी तो गोव्यात योगासनं करत होता, मी पाहिली होती. बाबा बोलतच होते. खुर्ची बरोबर बसली म्हणे त्याला. चहा घेतला, आईने कांदेपोहे केले. घाईत होता, अंधाराच्या आत निघाला. फोटो काढायचा राहिला. "आणि हो, त्या शेजारणीला सांग, ब्लँकेट दिलं त्यानं. तिच्या आईकडे पाठवतो मी." मागून आईचा आवाज येत नव्हता. माझ्या आईच्या घरात फोन चालू असताना आई गप्प, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

"बरं झालं, बाबा," मी म्हटलं.

मी कुणालाच काही बोलले नाही. नवऱ्याला वाटलं खरंच गेला असेल, त्याचा मित्राच्या मित्रावर फार विश्वास. पण काही दिवसांनी समोरच्या भाभींचं दार सताड उघडलं. त्या आल्या आणि मला फोनवर फोटो दाखवला. म्हसळ्यात त्यांची आई खाटेवर बसलेली, पायांवर कोरं ब्लँकेट. हिरवं. त्यावर मोर.

"एसटीतनं आलं," भाभी म्हणाल्या. "कंडक्टर आणून देऊन गेला घरी. सांगत होता, माहाडाचे गुरुजी, त्यांच्या हाताखाली शिकलो मी." त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला. "भाभी, हे आपलं नाही. इथलं असं नसतं. महाडच्या बाजारातलं आहे."

"हो."

"बाबांना सांगू नका, मला कळलं म्हणून."

त्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. रागानेच. माझे बहाणे त्यांनी केव्हाच ओळखले असणार. खोटं बोलायचं होतं ते मी. त्यांनी का बोलावं? ज्यांनी आयुष्यभर पोरांना मधलं एक गाव गाळू दिलं नाही, त्यांनी अख्खा माणूस उभा केला, दुखऱ्या गुडघ्यांनी बाजारात जाऊन ब्लँकेट निवडलं, का, तर लेकीचा शब्द शेजारणीपुढे खाली पडू नये म्हणून. आणि तो तिकडे शहाळं पितोय.

तोंड धुऊन मी बाबांना फोन लावला.

"बाबा, त्या दिवशी गडबडीत विचारायचंच राहिलं. त्याला वाटेत काय काय लागलं?"

पलीकडे खुर्ची कुरकुरली. ते उठले असणार, नकाशापाशी गेले असणार, कारण आवाज जरा लांबून आला. वर्गातला आवाज.

"आधी सालमिया," बाबा म्हणाले. "समुद्राकाठी. तिथे एका घरात त्याला महिनाभर ठेवून घेतलं. बाई तापट होती म्हणाला, पण वाढताना हात आखडला नाही तिनं. असं घर पुढे साऱ्या रस्त्यात लागलं नाही."

मी तोंडावर पदर धरल्यासारखी ओढणी धरली.

"ऐकते आहेस ना?"

"ऐकतेय, बाबा. पुढे?"

"पुढे अब्दली. मग नदी. तिचं नाव सांग आता, मागे चुकलीस."